बलुत्याच्या कागदांतले पूर्वज

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि मोडी वाचणाऱ्याला एकाएकी मान आला. कुळाचा इतिहास शोधणारेही जुन्या कागदांकडे वळले. नावापुढे ‘सुतार’ किंवा ‘कुंभार’ दिसले, की पूर्वजाचा धंदा सापडला असे आपण मानतो. माझे म्हणणे असे, की वतनाच्या कागदांत सापडतो तो मुख्यतः हक्क. धंदा सापडेलच असे नाही.

स्वीडनसारख्या देशात शहरी कारागिरांचे संघ १८४६ पर्यंत होते. शिकाऊ, कारागीर, उस्ताद या पायऱ्या माणूस कामाच्या बळावर चढे. त्या वह्यांतला शब्द माणसाचे शिक्षण सांगतो. आपल्या खेड्यातला बलुतेदार मात्र वतनदार. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी अठराव्या शतकातल्या मराठी कागदांवरून दाखवले, की तो एकेका कुटुंबाचा नव्हे, सबंध गावाचा चाकर होता. त्याचे वतन वारशाने चाले, भावाभावांत वाटले जाई, विकताही येई. म्हणजे कागदावर वाटेकरी चार आणि वाकस एकाच्याच हाती, हेही शक्य होते. उलट वतन नसलेला ‘उपरी’ कारागीर जन्मभर राबला, तरी वतनाच्या तंट्यात त्याचे नाव येण्याचे कारण नव्हते.

इथेच वंशावळीची गफलत होते. तंट्यात दाखल केलेली वंशावळ म्हणजे दावा. दाव्याला उपयोगी तेवढीच माणसे तीत राहतात. लेकी गळतात, गाव सोडून गेलेली शाखा गळते. मांगीण गावात सुईणपण करी, पण वतन नवऱ्याच्या नावे. तिच्या हातून जन्मलेल्यांची नावे कागदावर आली, तिचे आले नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) या वाटेवरचा पहिला सोबती, आणि तपशिलात आजही त्याला तोड नाही. पण आत्रे गावाकडे पाहतात ते कुणब्याच्या खळ्यावरून. बलुते हे त्यांना कुणब्यावरचे ओझे वाटते. बलुतेदाराच्या घरातून तोच हिशेब कसा दिसत असेल, हे त्या पुस्तकात शोधू नये. आपल्या घराण्याचा बलुतेदार ‘गावगाड्या’तून जसाच्या तसा उचलणाऱ्यांनी ही बाजू ध्यानात ठेवावी.

सालही पाहावे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. त्यानंतरच्या इथल्या कागदातला ‘कुलकर्णी’ हे आडनाव, हुद्दा नव्हे. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने गेली, आडनावे मात्र राहिली.

आपल्या भागात हेळवी येऊन कुळी वाचून दाखवतात. वतनाच्या कागदाशी ती ताडून पाहावी. अर्थात हेळव्याची चोपडी दान देणाऱ्या घरांची, तिलाही स्वतःचा हेतू आहे. दोन्हींत जुळणारे नाव भरवशाचे. एकीतच असलेले नाव अधिक बोलके, कारण दुसरीतून ते का सुटले हा प्रश्न ते उभा करते.

म्हणून कागद हाती आला, की पूर्वज काय करीत होता हे नंतर विचारावे. आधी विचारावे, हा कागद कोणी, कोणाविरुद्ध, कशासाठी करविला. आज दाखल्यासाठी नोंदी धुंडाळताना हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. ज्याच्याकडे वतन नव्हते, त्याच्या नातवाकडे दाखवायला कागदही नसतो.