पहिले तीन दिवस आणि वरसईचे गोडसे

गेल्या वर्षी पाठीवर एक सॅक टाकून मी बारा दिवस इस्तंबूलला राहून आलो. परतल्यावर एक लांबलचक लेख लिहिला आणि पेणला आमच्या जुन्या मराठीच्या सरांना वाचायला दिला. आया सोफियाचा घुमट, 1453 साली शहर जिंकणारा दुसरा मेहमद, बॉस्फरसच्या दोन्ही तीरांवर पसरलेली वस्ती, सगळं त्यात होतं. सरांनी शांतपणे वाचलं, कागदांची घडी घालून परत दिले आणि विचारलं, "तुला तिथे कधी चुकल्यासारखं झालं नाही का रे?"

झालं होतं. पहिले तीन दिवस तर दुसरं काहीच झालं नव्हतं. पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि फोन चालत नव्हता. आठ खाटांच्या खोलीत वरची खाट मिळाली. पासपोर्ट पोटाशी बांधून झोपलो, म्हणजे पडून राहिलो. सकाळी ट्रामच्या कार्डाचं मशीन माझी नोट चार वेळा बाहेर टाकत राहिलं आणि मागची रांग वाढत गेली. दोन दिवस मी फक्त सिमीत खाल्लं. सिमीत म्हणजे तीळ लावलेलं पावाचं कडं. ते गाडीवर मिळतं, बोट दाखवलं की हातात येतं. हॉटेलात शिरून काय आहे, केवढ्याला आहे, हे विचारायची मला लाज वाटत होती. यातली एक ओळही लेखात नव्हती. मी ती ठरवून गाळली नव्हती. लिहिण्यासारखी आहे, असं वाटलंच नव्हतं.

असं का वाटलं नाही, याचं उत्तर मी वाचलेल्या प्रवासवर्णनांत आहे असं मला वाटतं. माझ्या पिढीच्या आधीपासून मराठी वाचकाने परदेश पाहिला तो बराचसा पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'तून (1960). त्यात गोंधळ, फजिती, नवखेपण भरपूर आहे. पण फजिती सांगणारा माणूस तोवर सावरलेला असतो. विनोदाने त्याने तिच्यापासून एक हात अंतर राखलेलं असतं, आणि वाचकही त्या अंतरावरून हसतो. पुढे मीना प्रभूंनी हा प्रकार फार मोठा केला. 'तुर्कनामा', 'चिनी माती', 'गाथा इराणी' अशा पुस्तकांमागे केवढी पायपीट आणि केवढं वाचन आहे! बाईंनी मराठी घरांत देशच्या देश आणून ठेवले. अडचणी त्यांनाही येतात, आणि त्या लपवतही नाहीत. पण वाचक निश्चिंत असतो. बाई निभावून नेणार, आणि पुढच्या पानावर त्या शहराचा इतिहास आपल्याला समजावून सांगणार, याची त्याला खात्री असते.

ही तक्रार नव्हे. परदेश दुर्मीळ होता तेव्हा लेखकाने जाणकार होणं ही वाचकाची गरज होती. पण आज माहिती फोनमध्ये आहे. आया सोफियाच्या घुमटाची उंची मी वाचकाला सांगण्यात काही अर्थ उरलेला नाही. रांगेत मागच्यांचे डोळे पाठीवर असताना नोट परत परत आत सरकवणाऱ्या माणसाचं काय होतं, हे मात्र फोन सांगत नाही.

सरांनी त्या दिवशी मला घरी जाऊन 'माझा प्रवास' पुन्हा वाचायला सांगितलं. पेण तालुक्यात या पुस्तकाची ओळख करून द्यावी लागत नाही. विष्णुभट गोडसे आमच्या वरसईचे. घरात कर्ज, मिळकत बेताची. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा चांगली मिळणार, अशी बातमी आली, म्हणून तिशीतले विष्णुभट 1857 साली चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाले. पुढे त्यांच्या वाटेत बंड आलं. झाशीत राणी लक्ष्मीबाईंना त्यांनी पाहिलं, 1858 मधला वेढा आणि त्यानंतरची कत्तल ते तिथे अडकलेले असताना घडली. आम्हाला शाळेत याच भागाचा अभिमान शिकवला. पेणचा माणूस झाशीच्या राणीला भेटून आला, एवढ्यावर पुस्तक संपायचं. इतिहासाच्या अभ्यासकांनीही ते साधन म्हणून वाचलं: कुठली तारीख जुळते, कुठली चुकते, ऐकीव काय, पाहिलेलं काय.

या वेळी मी ते प्रवासी म्हणून वाचलं, आणि पुस्तक वेगळंच निघालं. गोडसे यांच्या लेखी 'हिंदुस्थान' म्हणजे नर्मदेपलीकडचा मुलूख, म्हणजे परदेशच. भाषा निराळी, खाणं निराळं, राज्य निराळं. त्या मुलखात शिरलेला हा माणूस सतत तीन हिशेब करतो: आज जेवण कुठे, रात्री अंग कुठे टाकायचं, आणि कमरेचे पैसे सुरक्षित आहेत का. महूजवळ शिपायांच्या तोंडून काडतुसांची आणि येऊ घातलेल्या बंडाची हकिकत कळते, तेव्हा इतिहासाच्या पुस्तकात जो क्षण मोठा दिसेल, तो इथे एका घाबरलेल्या वाटसरूचा प्रश्न होतो. पुढे जावं की मागे फिरावं? घरी कर्ज तसंच आहे. ते पुढे जातात. त्यांच्या पुढे जाण्यात शौर्य शोधणं मला चुकीचं वाटतं. रिकाम्या हाताने परतण्याची लाज भीतीपेक्षा मोठी होती, इतकंच. ही लाज मला ओळखीची वाटली.

झाशीची लूट ते सांगतात त्यातही हेच दिसतं. वेढ्याचे डावपेच सैन्याच्या इतिहासात सापडतील. गोडसे यांच्याकडे सापडतो तो लपून बसलेला माणूस: तहान, कानावर येणारे आवाज, दारापर्यंत आलेले गोरे शिपाई, गेलेले पैसे. शहराचा नकाशा या माणसाला कळलेला नाही. त्याला कळलाय तो एका घराचा कोपरा. म्हणूनच झाशी खरी वाटते.

याला एक आक्षेप संभवतो. हे सगळं त्या त्या रात्री लिहिलेलं नाही. चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून गोडसे यांनी ते जवळपास 25 वर्षांनी लिहून काढलं. शिवाय ऐकलेल्या वदंताही त्यांनी बिनदिक्कत घातल्या, गंगाधररावांच्या स्त्रीवेषाच्या गोष्टीसकट. मग याला प्रामाणिक नवखेपण कसं म्हणायचं? माझं उत्तर असं की 25 वर्षांत माणसाला जाणकार व्हायला पुरेसा वेळ मिळतो, आणि तरी गोडसे झाले नाहीत. मागे वळून पाहताना त्यांनी तरुण विष्णुभटाला शहाणं केलं नाही. माझा लेख मी परतल्यावर तीन आठवड्यांत लिहिला होता, आणि तेवढ्यात मी स्वतःला वाटाड्या करून टाकलं होतं.

पुस्तकाचं पुढे काय झालं, तेही इथे महत्त्वाचं आहे. वैद्यांनी ते 1907 साली, गोडसे यांच्या मृत्यूनंतर, छापलं. छापताना भाषेवर हात फिरवला, काही मजकूर गाळला. इंग्रजी राज्य होतं, सावधगिरी समजू शकते. पण त्यांच्या आवृत्तीत वाक्यं नीट उभी राहिली आणि माणूसही थोडा नीटनेटका झाला. दत्तो वामन पोतदार यांनी 1966 साली मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती काढली, तेव्हा गोडसे यांची स्वतःची ओबडधोबड, धापा टाकत जाणारी भाषा वाचकांपुढे आली. मला आता दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात. प्रवासवर्णन नीटनेटकं होताना काय गळतं, याचा मराठीतला इतका चांगला धडा दुसरा मला माहीत नाही.

मात्र गोडसे यांनाच आदर्श करून बसलो तर पुन्हा शाळेतलाच अभिमान होईल. ते परके होते, पण पूर्ण परके कधीच नव्हते. ग्वाल्हेर असो की झाशी, मराठी ब्राह्मणांची घरं होती. गावाचं नाव, गोत्र, शाखा सांगितली की पान मांडलं जाई. त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या दुसऱ्या जातीच्या गरीब वाटसरूला ही सोय नव्हती, आणि त्याचं पुस्तकही आपल्याकडे नाही. गोडसे याचा विचार करत नाहीत. पण मी तरी कुठे केला होता? माझ्या खिशात परतीचं तिकीट होतं, बँकेचं कार्ड होतं. त्याच शहरात आमच्या हॉस्टेलच्या जिन्यावर सकाळी फरशी पुसणारा मुलगा सीरियातून आलेला होता. बारा दिवसांत मी त्याला त्याचं नाव विचारलं नाही. लेखात तोही नव्हता.

गेल्या महिन्यात मोटारसायकलवरून वरसईला जाऊन आलो. बाळगंगेला पाणी बेताचंच होतं. या नदीवरच्या धरणाच्या बुडीत क्षेत्रात वरसईचं नाव आहे, आणि गावातली बोलणी फिरून फिरून मोबदल्यावर आणि पुनर्वसनावर येतात. चहाच्या टपरीवर मी गोडसे यांचा विषय काढला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "तो परत तरी आला. आमचं कुठं जायचं ते ठरेना." मी मान हलवली. यापुढे माझ्याजवळ सांगण्यासारखी माहिती नव्हती.

घरी येऊन लेख पुन्हा लिहायला घेतला. दुसरा मेहमद गेला, घुमट गेला. साडेतीन पानं उरली आहेत. ती कार्डाच्या मशीनपासून सुरू होतात आणि जिन्यावर अडकतात, कारण तिथे एक नाव हवं आहे आणि ते मला माहीत नाही.