कान आणि गुण्या

'लुन्यू' या संवादसंग्रहाच्या दुसऱ्या भागात कन्फ्यूशियसने आपलं सारं आयुष्य 38 चिनी अक्षरांत उरकलं आहे. वय लिहायचं आणि पुढे दोन-चार शब्द, जमाखर्चाच्या वहीतली नोंद असावी तशी. पदाचं नाव नाही की घरच्यांचा उल्लेख नाही.

पहिली नोंद पंधराव्या वर्षाची. तिथे 'झी' हा शब्द येतो. जुन्या लिपीत त्याच्या वरच्या अंगाला 'जाणे' आणि खाली 'हृदय' आहे, म्हणजे मन जिकडे निघालं ते. आपण त्याला संकल्प म्हणू. हा संकल्प काही लेचापेचा नाही. सैन्याचा सेनापती पळवून नेता येईल, पण साध्या माणसाचा संकल्प हिरावता येत नाही, अशा आशयाचं वचन याच ग्रंथात आहे. इतका कणखर शब्द, पण या आत्मकथेत तो एकदाच येतो, अगदी आरंभी. पुढच्या पंचावन्न वर्षांत त्याचं नावही नाही!

जर्मन तत्त्वज्ञ कांटचा संकल्प असा उंबरठ्यावर थांबत नाही. 1785च्या नीतिविषयक ग्रंथात तो शिखरावर बसला आहे: स्वतःच नियम करणारा, म्हणून स्वायत्त. दुःखाने मन बधिर झालेला माणूस केवळ कर्तव्य म्हणून दुसऱ्याच्या मदतीला जातो, तेव्हा कांटला त्याच्या कृतीचं नैतिक मोल लख्ख दिसतं. कन्फ्यूशियसला त्या माणसाचं शिकणं अजून व्हायचंय असं वाटलं असतं.

पण मी घुटमळतो ते साठीच्या नोंदीपाशी. साठीला कान अनुकूल झाले, एवढंच ती सांगते. भाष्यकारांनी इथे पुष्कळ डोकेफोड केली आहे. चू शी म्हणतो की आवाज आत येताच मनाला उमगतो, कुठे अडत नाही. मला इथे इतिहासकार सिमा छ्येनने दिलेला प्रसंग आठवतो. लू राज्य सोडून गुरुजी दारोदार हिंडत होते, वय साठीच्या घरात. चंग नगरात शिष्यांशी चुकामूक झाली. एका माणसाने त्यांचं वर्णन सुतकाच्या घरातल्या, कोणी न पुसलेल्या कुत्र्यासारखं केलं. शिष्याने ते जसंच्या तसं कानावर घातलं, तर गुरुजी हसले आणि कुत्र्याची उपमा बरोबर आहे म्हणाले. कान अनुकूल होणं म्हणजे हेच असावं.

संकल्पापासून पुढची वाट कानातून जाते, ही मला या उताऱ्यातली खरी चिनी गोष्ट वाटते. 1784च्या निबंधात कांट दुसऱ्याचं बोट सोडून स्वतःच्या बुद्धीने चालायला सांगतो. (तो ऐकायलाच नको म्हणतो असं नाही, ऐकणं त्याच्या रचनेच्या मध्यभागी नाही, इतकंच.)

मग सत्तरी. मनाला येईल तसं वागलं तरी 'ज्यू' ओलांडला जात नाही. भाषांतरकार इथे 'नियम' किंवा 'मर्यादा' लिहून मोकळे होतात आणि चित्र पुसतात. 'ज्यू' म्हणजे सुताराचा गुण्या. तो कुंपण नव्हे, हातातलं हत्यार आहे. मुरलेल्या सुताराला चौकट नुसत्या नजरेने गुण्यात दिसते. मात्र तो गुण्या त्याने घडवलेला नसतो, आणि कांटचा आक्षेप नेमका इथेच येईल. शिवाय इच्छा आणि नियम यांचा असा पूर्ण मेळ कुठल्याही मर्त्य माणसाला कोणत्याही क्षणी साधणार नाही, असं त्याने 1788मध्ये बजावलं. त्या मेळाकडच्या अखंड वाटचालीसाठी त्याला आत्म्याचं अमरत्व गृहीत धरावं लागलं. कन्फ्यूशियसने तो हिशेब सत्तरीत मिटवला.

खरंच मिटला? सत्तरीच्याच आसपास लाडका शिष्य यान ह्वे गेला. गुरुजी इतके रडले की हे प्रमाणाबाहेर होतंय, असं शिष्यांना सांगावं लागलं. त्यांनी आधी विचारलं, होतंय का तसं? आणि मग, या माणसासाठी नाही तर कुणासाठी?