लोणारचे विवर आणि छायाचित्राचा डोळा

समीक्षा म्हटली की आपण कविता, नाटक, फार तर चित्र यांच्यापाशी थांबतो. घराघरांत रोज निघणाऱ्या छायाचित्रांची मात्र समीक्षा कोणी करीत नाही. जणू ती निसर्गाची हुबेहूब नक्कल. तिच्याविषयी बोलायचे काय! मला हे मान्य नाही. माझा पुरावा म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराची छायाचित्रे मी वाचकांपुढे ठेवतो.

उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून सुमारे १३७ मीटर खोल आहे. काठावर उभे राहिले की छातीत धस्स होते. तेच छायाचित्रात पाहावे, तर गावाबाहेरचे एखादे तळे! काठावर आपण मान वळवतो, एक पाऊल बाजूला टाकतो. तेव्हा जवळचे झुडूप सरकते आणि पलीकडचा कडा जणू जागचा हलत नाही. एवढ्यावरून डोळा अंतर जोखतो. कागदावर सारेच निश्चल. त्यातून मोबाईलची रुंद नजर दूरचे आणखी लहान करते. कोजागिरीचा चंद्रही असाच टिकलीएवढा उमटतो. वास्तविक चंद्र उगवताना काय आणि माथ्यावर काय, आकाशाचा जेमतेम अर्धा अंश व्यापतो. क्षितिजावर तो थोर भासतो ही आपल्या मनाची करामत, आणि कॅमेऱ्यापाशी ते मन नाही.

दुसरा भ्रम अधिक गमतीचा. आकाशातून टिपलेल्या चित्रांत विवर पुष्कळदा टेकाडासारखे फुगून दिसते. उजेड वरून येतो, असे आपला डोळा सवयीने धरून चालतो. आपल्याकडे हिवाळ्यातले सकाळचे ऊन आग्नेयेकडून येते; नकाशाच्या रीतीने उत्तर वर ठेवली, की चित्रात ते खालून आल्यासारखे होते आणि खोलगट ते फुगीर भासते. चित्र उलटे धरा, खड्डा पुन्हा खड्डा! ज्यांच्या घरी टाकी लावलेला पाटा आहे, त्यांनी तिरप्या उजेडात त्याचे छायाचित्र घेऊन उलटसुलट फिरवून पाहावे. खळग्यांचे फोड होतील.

याच जिल्ह्यात नांदुऱ्याला १०५ फूट उंचीची हनुमानाची मूर्ती आहे. पोराने तळहात पुढे धरावा, बापाने नेमक्या जागी उभे राहून चाप दाबावा, की मारुतिराय हातावर उभे! रसिकांनी अशा चित्रांना हसू नये. मला ती प्रामाणिक वाटतात, कारण ती आपली लबाडी उघड सांगतात. लोणारचे सपाट चित्र मात्र आपल्याला फसवते आणि साळसूदपणे गप्प राहते.

याचा परिणाम २०२० मध्ये दिसला. त्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. छायाचित्रे घरोघर पोहोचली, तेव्हा आमच्या मंडळींचा पहिला उद्गार होता, ‘‘रंग भरलाय कुणीतरी!’’ पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांचा हा प्रताप असल्याचे दाखवून दिले. म्हणजे विवराचे तळे करणारे चित्र आपण बिनतक्रार स्वीकारले, आणि खऱ्या रंगाचे चित्र खोटे ठरवले! भाबडेपणा आणि संशय, दोन्ही एकाच आळसाची लेकरे. चित्र कोठून, कोणत्या उजेडात, कशाच्या जोडीने घेतले आहे, हे विचारण्याचा कंटाळा, तोच हा आळस.

म्हणून छायाचित्राच्या समीक्षेची माझी पहिली कसोटी साधी आहे: या चित्राने मला माप दिले आहे काय? सुंदर रंग, नीटस चौकट हे सारे नंतर. दिवाळीच्या सुटीत लोणारला जाल, तर निव्वळ पाणी टिपून परतू नका. उतरणीच्या वाटेवरची दोन माणसे चौकटीत येऊ द्या. ती मुंगीएवढी दिसतील, आणि त्या दोन मुंग्याच पाहणाऱ्याला विवराची खोली सांगतील.