‘व्यवहार्य’ : कोणास व कोणत्या अटींवर?

दाभोळ वीजप्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य आहे काय, या प्रश्नास १९९३ साली दोन उत्तरे मिळाली. जागतिक बँकेने नकार दिला : मागणीच्या मानाने वीज अधिक, आणि कोळशावरील विजेहून महाग. त्याच वर्षी राज्य वीज मंडळाने खरेदीकरार केला. २००१ मध्ये खरेदी थांबली. तथापि बँकेचे विश्लेषण विश्वसनीय ठरते ते भाकीत खरे झाले म्हणून नव्हे. मागणी व पर्यायी दर ही त्यातील गृहीतके पडताळता येण्याजोगी होती म्हणून. करारातील दर डॉलरशी निगडित होता. विनिमयाची जोखीम मंडळावर पडली. कंपनीस किफायतशीर वाटलेला करार मंडळास पेलवला नाही. ‘व्यवहार्य’ हे विशेषण ‘कोणास’ व ‘कोणत्या अटींवर’ यांवाचून अपुरे होय. ही पदे गाळणाऱ्या तज्ज्ञाचे गणित बिनचूक असले, तरी त्याचा निष्कर्ष ग्राह्य नव्हे.