पाहुणे शिक्षक आणि ‘परस्पर’ हा शब्द

परदेशी शिक्षकांना विद्यापीठात बोलावून आपली संस्कृती समजावून सांगायची आणि त्याचा खर्च सरकारने अनुदानातून द्यायचा, ही कल्पना चांगलीच आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ‘स्टडी ऑफ द यू.एस. इन्स्टिट्यूट्स’ ही योजना याच हेतूने आखली. प्राध्यापकांचे किंवा माध्यमिक शिक्षकांचे छोटे गट पाच-सहा आठवड्यांसाठी बोलवायचे. बहुतेक काळ विद्यापीठात व्याख्याने व चर्चा, उरलेला अभ्याससहलीत. असा शिक्षक परतल्यावर वर्षानुवर्षे शेकडो विद्यार्थ्यांना शिकवतो. तेव्हा खर्च वाया जातो, असे आम्ही म्हणणार नाही.

आमचा आक्षेप वेगळा आहे. या अनुदानांमागे १९६१ चा फुलब्राइट-हेज कायदा आहे आणि त्याच्या मूळ नावातच ‘परस्पर’ देवाणघेवाण आहे. योजनेचे मुख्य उद्दिष्ट मात्र एवढेच, की पाहुण्यांना अमेरिका कळावी. यजमानांना काय कळले? उलट्या दिशेने, अमेरिकी शिक्षक-संशोधकांना परदेशी पाठवणाऱ्या फुलब्राइट-हेज अनुदानांची निवडप्रक्रिया तर २०२५ मध्ये त्या वर्षापुरती रद्दच झाली.

आपला वर्ग आठवून पाहा. तासभर फक्त शिक्षकच बोलला, तर मुलांच्या मनात आधी काय होते हे त्याला कळतच नाही. म्हणून आम्ही सुचवतो: पाहुण्यांनीही रोज एक तास शिकवावा, यजमानांनी समोर वही घेऊन बसावे आणि दोन्ही वह्यांतले अनुदानाच्या अहवालात यावे. आपल्याकडे पाहुणे शिक्षक येतील तेव्हा आपणही हाच नियम पाळू या.