साडेआठशे शब्दांचा हिशेब

केंब्रिजच्या सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ची योजना जगापुढे ठेवली, तेव्हा तिचे सर्वांत मोठे आकर्षण होते तो एक कागद. अख्खी कामचलाऊ भाषा त्या कागदाच्या एका बाजूवर मावली होती. एकंदर शब्द ८५०. त्यांत ६०० नामे, १५० विशेषणे, आणि उरलेल्या १०० शब्दांत सर्वनामे, अव्यये, क्रियापदे असा सगळा किरकोळ संसार. क्रियापदे तर अवघी १८. इंग्रजीच्या नावाने घाम फुटणाऱ्या कुणालाही हा कागद पाहून हायसे वाटावे. ‘रोजच्या वापरातले हजार शब्द’ किंवा ‘तीस दिवसांत इंग्रजी’ ही जी पुस्तके आज आपल्याकडे एसटी स्थानकावरच्या दुकानातसुद्धा मिळतात, त्यांच्या मागे हाच दिलासा उभा आहे : भाषा मोजता येते, आणि मोजता येते म्हणून संपवता येते.

या दिलाशाचा हिशेब एकदा नीट तपासायला हवा.

१८ क्रियापदांत भागवायचे म्हणजे काय होते? ‘आस्क’ यादीत नाही, म्हणून ‘पुट अ क्वेश्चन’ म्हणायचे. ‘एंटर’ नाही, म्हणून ‘गो इन’. इथवर ठीक. पण ‘वॉन्ट’ही नाही आणि ‘कॅन’ही नाही. परक्या गावात उतरलेल्या माणसाला पहिल्या तासात लागतील असे दोन शब्द निवडायला सांगितले, तर मी हेच दोन निवडीन. बेसिकमध्ये तहानलेल्या माणसाने ‘आय हॅव अ डिझायर फॉर वॉटर’ म्हणायचे. ‘मला पाणी हवंय’ऐवजी ‘माझ्यापाशी पाण्याची इच्छा आहे’ असे कुणी आपल्या दारात म्हणाले, तर आपण पाणी देऊ खरे, पण आत जाऊन घरातल्यांना हाकही मारू. चर्चिल यांनी १९४३ साली हार्वर्डच्या भाषणात या योजनेची भलामण केली. त्यावर रूझवेल्ट यांनी काढलेला चिमटा प्रसिद्ध आहे. रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम देऊ करणाऱ्या या वक्त्याला बेसिकमध्ये बोलायचे असते, तर अश्रूंना डोळ्याचे पाणी आणि घामाला तोंडाचे पाणी म्हणावे लागले असते!

थट्टा बाजूला ठेवू. खरी चूक याहून खोल आहे. ऑग्डेननी शब्द मोजले. शिकणाऱ्याला किंमत मोजावी लागते ती अर्थांची. ‘पुट’ हा एक शब्द, ‘अप’ हा दुसरा, ‘विथ’ तिसरा. तिन्ही सोपे, तिन्ही यादीतले. पण तिन्ही एकत्र आले की अर्थ होतो सहन करणे, आणि त्या तिघांकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी तो दिसत नाही. ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे. यादी जितकी आखूड, तितके यादीतल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर ओझे जास्त.

मराठी माणसाला हे पटवायला इंग्रजीपर्यंत जायची गरज नाही. आपले ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, डोळा लागतो. पोहायला जाताना पाणी खोल लागते आणि कोकणातून घाटावर आलेल्याला तेच पाणी ‘लागते’ म्हणजे बाधते. एखाद्याचे बोलणे मनाला लागते. गाणाऱ्याचा सूर लागला की मैफल रंगते. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला आपण ‘लागणे हा एकच शब्द आहे, पाठ करा’ असे सांगितले तर ती शुद्ध फसवणूक ठरेल. त्या बिचाऱ्याला ‘औद्योगिकीकरण’ हा शब्द त्यामानाने सोपा जाईल. तो निदान एकाच जागी बसून असतो.

ही गोष्ट वेळीच ओळखणारा माणूस ढाक्क्यात होता. मायकेल वेस्ट तिथे शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करत होते. १९२६ च्या आपल्या द्विभाषिकत्वावरील अहवालात त्यांनी बंगालच्या शाळांकडे पाहून एक प्रश्न विचारला, आणि माझ्या मते या साऱ्या शास्त्रात तोच सर्वांत मोलाचा आहे. बहुतेक मुले शिक्षण अर्ध्यावर सोडतात. मग सोडताना त्यांच्या हातात काय उरते? यासाठी त्यांनी शब्द उचलला तो विम्यातला : ‘सरेंडर व्हॅल्यू’. मध्येच बंद केलेल्या पॉलिसीचे जेवढे पैसे हातात पडतात तेवढे. त्यांचे उत्तर होते वाचन. चार वर्षांत तोडकेमोडके बोलायला शिकलेला मुलगा सराव सुटताच ते विसरतो. वाचता येऊ लागलेला मुलगा एकटाही पुढे जातो. या उत्तरात वसाहतीचा वास आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. इंग्रजीतून माहिती घ्यावी एवढीच अपेक्षा त्यांनी बंगाली मुलाकडून ठेवली. त्याने उलट बोलावे ही निकड त्यांना तितकीशी वाटली नाही. पण प्रश्न उत्तरापेक्षा मोठा होता.

वेस्ट यांनी सहकाऱ्यांसह १९३४ मध्ये बेसिकची कठोर चिकित्सा केली. स्वतः मात्र तेही यादीच्या मोहातून सुटले नाहीत. १९३५ च्या त्यांच्या कोशात १,४९० शब्दांच्या साहाय्याने सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ सांगितले आहेत. १९५३ ची त्यांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ सुमारे २,००० शब्दांची आहे. पण त्या पुस्तकात केवळ शब्द नाहीत. प्रत्येक शब्दाखाली त्याचे वेगवेगळे अर्थ आणि कोणता अर्थ किती टक्के वेळा येतो, हे दिले आहे. यादीने केलेली चूक यादीतच दुरुस्त करण्याचा हा प्रयत्न होता. पुढे झाले असे, की लोकांनी नकलून घेतले ते नुसते शब्द. टक्के आणि अर्थ मागेच राहिले. दोन हजार हा आकडा मात्र जगभर फिरला.

आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या पोसल्या. ती आज जुनाट वाटते. वाक्ये घडीव, माणसे लाकडी. पण एक गोष्ट तिच्या बाजूने सांगितली पाहिजे : ती शब्द सुटा देत नसे, वाक्यात बसवून देई, आणि मराठीकडून इंग्रजीकडे व परत असा दोन्ही बाजूंनी घासून घेई. आजच्या संभाषण-पुस्तकांत वाक्य, देवनागरी उच्चार आणि अर्थ अशा तीन सुबक रांगा असतात. मी चाळलेल्या पुस्तकांत प्रश्न भरपूर आहेत, उत्तरे जवळजवळ नाहीत. स्टेशन कुठे आहे हे विचारता येते. समोरच्याने जे भराभर सांगितले त्याचे काय करायचे, हे पुस्तकात नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आली. त्यावर माध्यमाचे, अस्मितेचे वाद पुष्कळ झाले, वेस्टचा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. आठवीत शाळा सोडून शेतात किंवा गॅरेजमध्ये लागलेल्या मुलापाशी आठ वर्षांच्या इंग्रजीचे काय उरते? कीटकनाशकाच्या डब्यावरचा इशारा त्याला वाचता येतो का? बापाच्या गोळ्यांच्या पाकिटावरची ‘एक्स्पायरी’? हा शब्द ऑग्डेनच्या कागदावर नाही.