‘वीज’ शोधली, ‘विजेचे’ राहून गेलं

समजा, ठाकुर्लीतल्या एखाद्या विद्यार्थिनीला रेल्वेच्या चोळे पॉवरहाऊसवर प्रकल्प लिहायचा आहे. फोनवर एकच चौकट, तिच्यात एक शब्द टाकायचा आणि अनेक ई-संग्रहांतलं साहित्य एकदम समोर. एकत्रित शोधाची सॉफ्टवेअरं हेच आश्वासन देतात.

जुनी रीत फेडरेटेड सर्चची. शब्द एकाच वेळी दहा डेटाबेसकडे धाडायचा आणि वाट पाहायची. वेग ठरवणार सगळ्यांत सुस्त डेटाबेस. २००९ मध्ये समन आलं, २०१० मध्ये इब्स्को डिस्कव्हरी. प्रायमोही त्याच वाटेवरचं. यांनी नोंदी आधीच गोळा करून एक अवाढव्य सूची बांधली. आयआयटी खरगपूरने उभारलेली नॅशनल डिजिटल लायब्ररीही नोंदी अशाच एकत्र करते, मूळ मजकूर ज्याचा त्याच्याकडे राहतो.

वेगात नवी रीत सरस, वाद नाही. पण तुलना तिथेच संपवतात, ते पटत नाही. इब्स्को स्वतः डेटाबेस विकते, म्हणजे दुकान आणि वाट दाखवणारा एकच. समन आणि प्रायमो आज दोन्ही क्लॅरिव्हेटच्या मालकीचे. निकालात वर कोण येणार, याचं सूत्र ग्रंथपालाला पूर्ण उघडून पाहता येत नाही.

मराठीचं दुखणं वेगळंच. तुम्ही ‘वीज’ टाइप केलंत आणि नोंदीत ‘विजेचे’ असेल, तर नुसती अक्षरं जुळवणाऱ्या यंत्रासाठी तो परका शब्द. प्रत्यय चिकटतोच, वर पहिली वेलांटीही ऱ्हस्व होते. शिवाय पॉवरहाऊस, पॉवर हाउस, वीजघर, वीजकेंद्र. चोळे इंग्रजी कागदांत ‘चोला’ होतं. शीर्षक फक्त रोमन लिपीत नोंदलेलं असेल, तर देवनागरीत शोधणारा दाराबाहेरच.

म्हणून माझं मत व्हूफाइंडला. अमेरिकेतल्या व्हिलनोव्हा विद्यापीठात घडलेलं, कोड खुला. त्याच्या पोटातल्या ‘सोलर’ या शोधयंत्राला ‘विजेचे’ म्हणजे ‘वीज’ हे शिकवता येतं, समानार्थी शब्दांची यादीही देता येते. शिकवायला माणूस लागतो, हे खरं, आणि तो पगाराविना मिळत नाही. प्रकाशकांशी करार करून जमवलेली लाखो इंग्रजी लेखांची सूचीही व्हूफाइंडबरोबर फुकट येत नाही. त्यामुळे इंजिनिअरिंग कॉलेजने प्रायमो घेतलं तर मी हरकत घेणार नाही. पण १८९३ पासूनचं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा १८६४ पासूनचं कल्याणचं सार्वजनिक वाचनालय यांच्यासारख्या मराठी संग्रहाला ते कशाला? डेमो दाखवायला विक्रेता आला की त्याला आधी ‘वीज’ टाइप करायला सांगावं, मग ‘विजेचे’, आणि दोन्ही वेळचे निकाल शेजारी ठेवून मगच किंमत विचारावी.